बरोबरीची उत्तरं

जून निम्मा सरला की आबांचा फोन येतो. आबा म्हणजे मी जिथं शिकले त्या शिक्षणसंस्थेचे सचिव. ख्यालीखुशाली विचारणं त्यांच्या स्वभावात नाही. "काय सुजाता मॅडम, वाटप कवा पाठवताय? परीक्षा तोंडावर आल्यात की," एवढं बोलून ते फोन ठेवतात. यंदाही आला. खिडकीबाहेर कागलच्या एमआयडीसीत पत्र्यांवर पाऊस वाजत होता. समोरच्या फाउंड्रीतून जळक्या वाळूचा वास येत होता, ओल्या मातीत मिसळून थोडा मवाळ झालेला. फोन ठेवला आणि माझ्या जिभेवर एक जुनी चव आली. सूड कडू असतो असं लोक का म्हणतात कोण जाणे. माझा तरी गोड होता.

आमचं ऑफिस लहान आहे, मालक धरून चार खुर्च्यांचं. कारखान्यांनी कुठलं काम कधी आणि कुणाकडून करावं, हे आम्ही गणितानं काढून देतो. भट्टीत कुठलं भंगार किती घालायचं, कुठला ट्रक कुठल्या गावाला पाठवला तर रिकामा परतणार नाही, कोण कुठल्या पाळीत बसवायचा. अटी मांडायच्या, काय कमीत कमी हवं ते सांगायचं, आणि सगळ्या अटी पाळून सर्वांत चांगलं उत्तर शोधायचं. आई शेजारणीला सांगते, "आमची सुजाता कंपन्यांची कोडी सोडवती." ते खरंच आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आबा स्वतः ऑफिसात आले होते. छत्री दारात उभी केली, रुमालानं डोकं पुसलं आणि बसायच्या आधीच बोलायला लागले. संस्थेची महाविद्यालयं जिल्हाभर पसरलेली. उन्हाळी परीक्षा लांबत लांबत दर वर्षी पावसात यायच्या आणि प्रत्येक केंद्रावर दुसऱ्या महाविद्यालयाचा एक पर्यवेक्षक पाठवावा लागायचा. त्यावरून दर वर्षी भांडणं. वजनदार प्राध्यापक कोल्हापुरातलीच केंद्रं धरून बसायचे आणि तासिका तत्त्वावरच्या मुली पार घाटमाथ्यावर गगनबावड्याला जायच्या.

"माणसानं वाटलं की बोंब हुती," आबा म्हणाले. "तुमच्या कॉम्प्युटरनं वाटा. मग कुणी माझ्या केबिनीत येऊन रडायचं न्हाय."

अटी त्यांनीच सांगितल्या. स्वतःच्या महाविद्यालयात कुणी नको. सगळ्यांचा मिळून प्रवास कमीत कमी. आणि एक अट त्यांनी जाता जाता, छत्री उघडताना घातली. "एका केंद्राला एकच माणूस द्या, पूर्ण परीक्षाभर. रोज नवा माणूस गेला की रोज नवा गोंधळ." ती अट मी टिपून घेतली तेव्हा तिचा मला काय उपयोग होणार आहे हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांची नावं आली. त्यात इनामदार सर होते.

इनामदार सर आमच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. एम.एस्सी.ला हाच विषय त्यांनी मला शिकवला. चांगला शिकवला, हेही सांगायला हवं. फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न खोडता गणित जायचं त्यांचं आणि शेवटचं उत्तर लिहून ते खडू टेबलावर ठेवायचे तेव्हा वर्गात कुणी हलायचं नाही. मला तो विषय लागला तो त्यांच्यामुळेच. आमचं गाव जयसिंगपूरजवळ. आई अंगणवाडीत, वडील पोस्टात. गावातल्या बौद्धवाड्यातून एम.एस्सी.पर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी आणि मला वाटायचं की गणितात तरी माणसाला आडनाव नसतं.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी आमच्या भागातल्या एका डेअरीच्या दूध गोळा करणाऱ्या गाड्या घेतल्या. कुठली गाडी कुठल्या गावांना कुठल्या क्रमानं जावी, म्हणजे डिझेल कमी लागेल आणि दूध नासणार नाही. पावसाळ्यात आमच्याकडे नदी फुगली की एकेक रस्ता पाण्याखाली जातो. कालचं उत्तर आज चालत नाही. म्हणून मी अशी मांडणी केली की बंद झालेला रस्ता सकाळी सांगितला की त्या दिवसाचा नवा मार्ग निघावा. त्यासाठी मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून सगळी गावं फिरले. कॅन आदळल्याचा आवाज, आंबूस दुधाचा वास, काचेवर चिकटलेले किडे, पुलाशी गाडी थांबवून पाण्याकडे बघणारा ड्रायव्हर. ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक होते आणि शेजारी इनामदार सर. मी बोलत गेले. परीक्षकांनी दोन-तीन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, त्यांनी मान डोलावली. मग सरांनी प्रकल्पाची पानं अंगठ्यानं फर्रकन उलटली.

"कांबळे, हे तू केलंस?"

"हो, सर."

"की कुणाकडून करून घेतलंस?"

मी म्हटलं, मीच केलंय. सर परीक्षकांकडे बघून हसले. "सवलत प्रवेशाला असते गं, डोक्याला नसते."

परीक्षकही हसले. मोठ्यानं नाही, चहाच्या कपात बघत. त्या खोलीत माझे गुण होते, माझं पुढचं शिक्षण होतं, आणि त्या दोघांच्या हातात पेनं होती. माझा पहिला वर्ग थोडक्यात हुकला आणि संशोधनाचा रस्ता तिथंच बंद झाला. तोंडी परीक्षेच्या दिवशी आई पेढे घेऊन जयसिंगपुराहून आली होती. बाहेर बाकावर बसली होती. माझं तोंड बघून तिनं खोका पिशवीत परत घातला. एसटीत मी तिला सगळं सांगितलं. ती उतरेपर्यंत खिडकीतून उसाकडे बघत राहिली.

वर्षभरानं जयसिंगपूरच्या स्टँडवर त्या डेअरीचे मॅनेजर भेटले. मला बघून आनंदानं पुढं आले. "तुमच्या सरांनी लई झ्याक काम करून दिलं बघा. आता पूर आला तरी आमची गाडी अडत न्हाय." मी काय काम म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं ते माझंच होतं, गावांच्या क्रमासकट. पुढं कळलं की सरांनी त्यावर शोधनिबंधही छापला होता. म्हणजे जे मी केलंच नव्हतं ते त्यांनी केलं होतं.

हा सगळा साठा मनात असताना त्यांचं नाव माझ्या पडद्यावर आलं.

आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. लोकांना वाटतं सर्वांत चांगलं उत्तर एकच असणार. पुष्कळदा तसं नसतं. दोन, चार, कधी कितीतरी उत्तरं अगदी सारखीच चांगली निघतात. खर्च तोच, अंतर तेच, सगळ्या अटी पाळलेल्या. मशीनला जे आधी सापडतं ते ती पुढं ठेवते आणि आपण त्याला निकाल म्हणतो. वाटपाच्या पहिल्या उत्तरात गगनबावड्यासमोर इनामदार सरांच्याच महाविद्यालयातल्या, तासिका तत्त्वावरच्या एका मॅडमचं नाव होतं. पण त्या महाविद्यालयातून गगनबावड्याला कुणीही गेलं तरी अंतर सारखंच. सगळी बरोबरीची उत्तरं. एका उत्तरात इनामदार सरही होते.

मी गगनबावड्यासाठी बाकीच्या सगळ्या नावांपुढं जास्तीच्या अंतराचा एक बारीक आकडा घातला. इतका बारीक की एकूण बेरजेत तो कुठंच दिसला नसता, फक्त बरोबरी मोडायला पुरला असता. पुन्हा गणित सोडवलं. गगनबावडा, इनामदार, पूर्ण परीक्षा. एकूण प्रवास एका किलोमीटरनंही वाढला नव्हता. जगातल्या कुणीही तपासलं असतं तरी ते उत्तर बरोबर होतं. हे मी कुणावर उपकार म्हणून किंवा न्याय करायचा म्हणून केलं नाही. ती तासिकेवरची मॅडम वाचली हे चांगलंच झालं, पण मी तिच्यासाठी केलं नव्हतं. मला त्या माणसाला पावसात उभं करायचं होतं.

गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. इथं कोल्हापुरात आपण ज्याला पाऊस म्हणतो त्याला तिथं उघडीप म्हणतात. ढग रस्त्यावरून चालतात. कपडे आठवडाभर वाळत नाहीत, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. सर सकाळी रंकाळा स्टँडवरून एसटी धरायचे आणि तिन्हीसांजेला परत यायचे. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की गाडी तिथंच थांबायची. माझ्याकडे रोज सगळ्या केंद्रांची खबर यायची, कोण पोचलं, कोण अडकलं. ती वाचताना मी चहा हळूहळू प्यायचे.

आईला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला वाटलं होतं ती रागवेल. तिनं विचारलं, "किती दिस हाय परीक्षा?"

"पूर्ण जुलै."

"बरं हाय," ती म्हणाली आणि गवार मोडत राहिली. त्यानंतर ती रोज सकाळी मला एकच गोष्ट विचारायची. "आज वर पाऊस कसा हाय?" मी फोनवर बघून सांगायचे. अतिवृष्टी आहे म्हटलं की त्या दिवशी माझ्या डब्यात हमखास काहीतरी जास्तीचं असायचं. शेंगदाण्याची पोळी, नाहीतर तळलेले सांडगे. आम्ही मायलेकी त्या महिन्यात फार सुखात होतो. खोटं कशाला सांगू.

मग आबांनी मला केंद्रं बघून यायला सांगितलं. मी गगनबावडा आधी घेतलं. मला बघायचंच होतं. साळवणच्या पुढं धुकं इतकं दाट झालं की ड्रायव्हरनं दिवे लावले. महाविद्यालयाची इमारत उतारावर, पत्र्याची, शेवाळानं काळी पडलेली. पेपर चालू होता. मी व्हरांड्यातून खिडकीपाशी गेले. सर दिसले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, मोजे काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलेले, पायात नुसत्या चपला. केस चप्प बसलेले. मला हवं होतं ते सगळं तिथं होतं. मी ते डोळे भरून बघितलं.

तेवढ्यात वीज गेली. वर्गात एकदम अंधारून आलं, पोरं चुळबुळायला लागली. सरांनी जाऊन पलीकडची मोठी खिडकी उघडली. उजेड आला, त्याच्याबरोबर पावसाचा झोत आला आणि पुढच्या बाकावरच्या मुलीनं उत्तरपत्रिका छातीशी धरली. सर त्या खिडकीला पाठ लावून उभे राहिले. "लिहा," म्हणाले. "उजेड आहे तोवर लिहा." पोरं लिहीत राहिली. सरांचा शर्ट मागून भिजत गेला, पाणी मनगटांवरून ओघळायला लागलं, आणि ते पेपर संपेपर्यंत तिथून हलले नाहीत.

कुणाला वाटेल की माझं मन तिथं विरघळलं असेल. उलट झालं. मला त्यांचा आधी आला नसेल इतका राग आला. म्हणजे या माणसाला हे जमत होतं. दुसऱ्याच्या कागदावर पाणी पडू नये म्हणून उभं राहणं याला येत होतं. मग माझ्या वेळी काय झालं होतं? मी न भेटताच परतले. वाटेत साळवणला गाडी थांबवून गरम भजी घेतली आणि सगळी ड्रायव्हरला देऊन टाकली.

त्याच आठवड्यात पेपर नसलेल्या एका दुपारी सर आमच्या ऑफिसात आले. बहुतेक आबांकडून पत्ता घेतला असावा. मला बघून दोन्ही हात पसरले. "अगं सुजाता! आबा म्हणाले कुणी कांबळे मॅडम आहेत, मला काय माहीत तूच असशील." मग आमच्या मालकांकडे, चौगुले साहेबांकडे वळून म्हणाले, "माझी विद्यार्थिनी बरं का. हे सगळं माझ्याकडूनच शिकलीय."

चौगुले साहेबांनी चहा मागवला आणि शेडवर जायचं आहे म्हणून निघून गेले. सर खुर्चीत सावरून बसले. गुडघे दुखतात म्हणाले. रोजचा गगनबावडा आता झेपत नाही म्हणाले. आबांना सांगितलं तर आबा म्हणतात कॉम्प्युटरनं काढलंय, माझ्या हातात काय नाही. "तू बघ जरा. दुसरं उत्तर निघत नाही का?"

"निघतं," मी म्हटलं.

"मग? खर्च वाढतो?"

"नाही. तेवढाच येतो."

चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला. हा विषय त्यांचाच होता. बरोबरीची उत्तरं म्हणजे काय, हे मी त्यांच्याच फळ्यावर पहिल्यांदा वाचलं होतं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी कप बशीत ठेवला आणि चष्मा काढला.

"त्या तोंडी परीक्षेचं मनात धरलंयस तू."

मला वाटलं होतं ते विसरले असतील. विसरलेल्या माणसाला काय करायचं असा प्रश्न मला कधीकधी पडायचा. पण त्यांना सगळं आठवत होतं.

"चेष्टा केली होती गं मी," ते म्हणाले.

"आणि डेअरीचं?"

ते चष्मा रुमालानं पुसायला लागले. बाहेर कुणीतरी लोखंडी पट्ट्या उतरवत होतं, तो खणखणाट थांबला. मग मी म्हटलं, "त्या डेअरीला आणि तो निबंध छापणाऱ्यांना लिहा, सर. काम सुजाता कांबळेचं होतं, एवढंच. दोन ओळी. उद्यापासून गगनबावड्याला दुसरं कुणीतरी जाईल."

"इतक्या वर्षांनी ते कसं जमेल?"

"मग गगनबावडा आहेच."

सर उठले. छत्री घेतली. दारात ती उघडली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या खबरीत गगनबावड्यासमोर लिहिलेलं होतं, पर्यवेक्षक वेळेवर हजर.

आमच्या गणितात प्रत्येक अटीची एक किंमत काढता येते. ती अट सोडली तर किती वाचेल, धरून ठेवली तर किती मोजावं लागेल. सरांनी ती किंमत माझ्यासमोर मोजली. दोन ओळींपेक्षा त्यांना अख्खा पावसाळा स्वस्त वाटला. पुढचे सगळे पेपर ते एसटीनं जात राहिले, गुडघ्याला पट्टा बांधून, पण गेले. माझ्याबद्दल आबांकडे एका शब्दानं तक्रार केली नाही. करणार कशी? कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

पुढच्या वर्षी वाटप बघून आबांनी फोन केला. "परत इनामदारच? शेवटचं वर्ष हाय त्यांचं. निवृत्तीला आल्यात."

"त्यांना तिथली सवय झालीय, आबा. नवा माणूस गेला तर गोंधळ होईल."

"व्हय, ते बी खरंच हाय," आबा म्हणाले. सर दुसराही पावसाळा चढले. आईनं पुन्हा महिनाभर पाऊस विचारला.

यंदा त्यांचं नाव नाही. निवृत्त माणसाला पर्यवेक्षक करता येत नाही. परवा वाटप करायला बसले तेव्हा गगनबावड्यापुढं पुन्हा बरोबरीची उत्तरं आली. सगळी सारखी, आणि त्यातल्या कुणाशीच माझं काही देणंघेणं नाही. मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. शेवटी आबांना कळवलं, इथं चिठ्ठ्या टाका, आणि दर वर्षी टाका. कुणावर दात नसला की माणूस किती सहज न्यायानं वागतो. लोक मला आता निःपक्षपाती म्हणतात. सरांच्या त्या दोन पावसाळ्यांत मी पक्ष घेतला होता आणि आज पुन्हा ते नाव समोर आलं असतं तर पुन्हा घेतला असता.

सरांचा निरोप समारंभ झाला तो गेल्या वर्षी परीक्षा संपल्यावर. आबांनी मलाही बोलावलं. सभागृहात दमट सतरंज्यांचा आणि निशिगंधाचा वास कोंडला होता. मी मागच्या बाजूला बसले. शाल झाली, नारळ झाला, कोल्हापुरी फेटा बांधून झाला. सर बोलायला उभे राहिले. बरंच बोलले, चांगलं बोलले. मग विद्यार्थ्यांकडे वळले आणि त्यांना मी दिसले असणार.

"आमची सुजाता कांबळे आज इथं आहे," ते म्हणाले. "आज मोठमोठे कारखाने तिच्या सल्ल्यानं चालतात. आमच्या भागातल्या डेअरीसाठी दुधाच्या गाड्यांचं जे काम झालं, ते आम्ही दोघांनी मिळून केलं होतं. हे मी आजवर कधी बोललो नव्हतो."

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. दोन पावसाळ्यांत त्यांनी मला निम्मं दिलं होतं, आणि मी ते घेईन असं त्यांना वाटलं होतं.

मी उभी राहिले. "मी एकटीनं, सर."

टाळ्या एकेक करून थांबल्या. वरचे पंखे तेवढे ऐकू येत होते. आबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. सरांनी माईकची दांडी धरली. फेट्याखाली त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता.

"होय," ते म्हणाले. "एकटीनं."

माईकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं. मी खाली बसले. त्यानंतर ते काय बोलले ते मला आठवत नाही.

समारंभ संपला तेव्हा बाहेर पावसाची उभी धार लागली होती. पायऱ्यांवर सर माझ्याशेजारी येऊन थांबले. हातात नारळ, शाल, फुलांचा गुच्छ. छत्री उघडायला हात मोकळा नव्हता. आम्ही दोघं समोरच्या पाण्याकडे बघत होतो.

"आता झालं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

ते रिक्षासाठी रस्त्याकडे बघत राहिले. एकही थांबत नव्हती. माझी गाडी आवारातच उभी होती, मागची सीट रिकामी होती, आणि घरी जायला मला राजारामपुरीत त्यांच्या दारावरूनच जायचं होतं. माझं अंतर जराही वाढलं नसतं. मी गाडीत बसले, काच वर घेतली आणि निघाले.